भिंतीला आलेलं पोट

आकडेराव हे नाव त्यांना आईवडिलांनी दिलेलं नव्हतं, ते गल्ल्यांनी दिलं होतं. एकतीस वर्षं ते वीज कंपनीत मीटर वाचत होते. दारोदार जायचं, जिन्याखालच्या अंधारात बॅटरी मारायची, मीटरवरचा आकडा वहीत उतरवायचा आणि पुढचं दार ठोठवायचं. हा झाला एक आकडा. दुसरा म्हणजे खांबावरच्या तारेला गुपचूप अडकवलेला, चोरट्या विजेचा. तोही त्यांच्या नजरेतून कधी सुटला नाही. तोंडावर लोक साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की आकडेराव.

लोकांना ते आवडत नव्हते आणि आपण कुणाला आवडावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. एकतीस वर्षांत कुणाच्या घरी ते खुर्चीवर टेकले नाहीत की घोटभर पाणी प्यायले नाहीत. एकदा पाणी प्यायलं की मीटर मऊ होतो, असं ते बायकोला सांगत.

एवढ्या कोरड्या माणसाच्या हाताला एकच ओलावा होता. वहीच्या समासात ते प्रत्येक मीटरच्या जागेचं छोटंसं चित्र काढत. जिना, जिन्याखालची सायकल, सायकलीमागचं फडताळ, फडताळाच्या वर मीटर. आपण रजेवर असलो तर बदली माणसाला शोधत बसायला नको, हे कारण. पण बदली माणसाला सायकलीच्या चाकातले आरे मोजून दाखवायची काही गरज नव्हती. आकडेराव तेही काढत.

निवृत्त झाल्यावर मुलीच्या शाळेतली जुनी रंगपेटी माळ्यावर सापडली. मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. वड्या सुकून भेगाळल्या होत्या, पण पाणी लागताच रंग सोडत होत्या. आकडेराव जेवणाच्या टेबलावर चित्रं काढायला बसले. हे टेबल खरं तर बायकोचं. ती पडदे शिवून द्यायची आणि टेबलावर सदानकदा कुणाच्या ना कुणाच्या खिडकीचं कापड पसरलेलं असायचं. तिसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र पडद्यावर निळा शिंतोडा उडाला. बायकोने आरडाओरडा केला नाही. तिने रंगपेटी बंद केली, त्यांच्या कोटाच्या खिशात घातली आणि कोट त्यांच्या हातात दिला. तेव्हापासून ते बाहेर बसून चित्रं काढू लागले.

बाहेर म्हणजे गल्लीत, आणि तेही ऐन थंडीत. उन्हाळ्यात झाडं घरांना झाकून टाकतात, हिवाळ्यात घरं हाडांसकट दिसतात, असं त्यांचं म्हणणं. पाणी सोडायच्या पंपाची एक बुटकी खोली होती. तिच्या भिंतीला पाठ लावून बसलं की वारा अडायचा आणि आठच्या सुमाराला उन्हाची एक तिरीप गुडघ्यांवर यायची. समोर तांबड्या विटांची तीन मजली इमारत होती. आकडेराव तीच काढत. रोज तीच, कारण ती रोज चुकायची.

पहिल्या आठवड्यात थंडीनेच त्यांची फजिती केली. वाटीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरायचा. कागदावर आकाशाचा हात फिरवला की तो सुकायच्या आत गोठायचा आणि निळ्या रंगात नेच्याच्या पानांसारखी नक्षी उमटायची. आकडेराव हरखून ती घरी घेऊन गेले. घरच्या उबेत नक्षी वितळली आणि आकाश ओघळून छपरांवरून रस्त्यावर आलं. शेवटी औषधाच्या दुकानदाराने तोडगा सांगितला, की पाण्यात थोडं स्पिरिट घाला. त्यांनी खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत स्पिरिट भरून नेलं. पाणी गोठायचं थांबलं. पण जवळून जाणाऱ्यांच्या नाकात वास जायला लागला आणि आठवड्याभरात गल्लीभर झालं की आकडेराव सकाळी सकाळी लावून बसतात.

तेवढ्यावर भागलं असतं. पण समोरच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, इस्त्रीवाली राहत होती.

तिची आणि आकडेरावांची ओळख अकरा वर्षांपूर्वीची, दुसऱ्या वस्तीतली. तिचा नवरा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. त्या वर्षीच्या थंडीत तिने मागच्या खिडकीतून खांबावर आकडा टाकला आणि त्याच्या उशाशी एक शेगडी लावली. आकडेरावांनी सकाळी तार पाहिली. खिडकीतून शेगडी दिसली, शेगडीपलीकडचा माणूसही दिसला. त्यांनी वहीत नोंद केली. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने त्या दिवशी दुसऱ्या बाजूला बघितलं असतं, हे त्यांच्या बरोबरीच्या माणसांनीच त्यांना नंतर सांगितलं. दुपारी कंपनीची माणसं आली आणि आकड्यासकट घराची सगळी लाइट तोडून गेली. अकरा दिवस घर अंधारात आणि गारठ्यात होतं. महिन्याभराने नवरा गेला. गारठ्याने गेला की जाणारच होता, हे कुणी डॉक्टर सांगू शकला नाही. इस्त्रीवालीला कुणी सांगायची गरजही नव्हती. आकडेरावांनी कधी चूक कबूल केली नाही. फक्त पुढच्या महिन्यात अर्ज करून त्यांनी आपली ती वस्ती बदलून घेतली.

आता हाच माणूस तिच्या दारासमोर मांडीवर वही घेऊन बसला होता. मान वर करून भिंतीकडे बघायचा, मान खाली घालून काहीतरी लिहायचा. तो चित्र काढतोय यावर तिचा काडीचा विश्वास बसला नाही. तिने वरच्या मजल्यांवर जाऊन सांगितलं की कंपनीने म्हाताऱ्याला पुन्हा कामाला लावलंय, खिडक्या मोजतोय, तारा मोजतोय. इमारतीत दोन-चार घरांनी खरंच आकडे टाकलेले होते, ती घाबरली. बाकीच्यांना तिचं दुःख माहीत होतं. सगळी इमारत एका बाजूला आणि आकडेराव एका बाजूला, असं झालं.

मग सुरू झालं. वरून कचरा पडायचा, तो बरोबर त्यांच्या पायाशी. एके संध्याकाळी कुणीतरी पंपाच्या खोलीसमोर बादल्या ओतल्या. रात्रीत त्याची काच झाली. सकाळी आकडेराव त्यावर पाय ठेवताच आडवे झाले. रंगपेटी एकीकडे, टोपी दुसरीकडे. वरच्या खिडकीत कुणीतरी हसलं. गुडघा टोमॅटोसारखा सुजला. त्यांनी टोपी उचलली, बसले आणि चित्र काढलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीतून पिशवीभर राख आणली, आपल्यापुरती वाट केली आणि परत बसले. त्यांच्या मनात राग नव्हता असं नाही. इतका होता की खिडक्यांच्या चौकटी वाकड्या येत. पण उठून जाणं म्हणजे इमारतीने पाठवलं म्हणून जाणं, आणि ते त्यांच्या रक्तात नव्हतं.

इस्त्रीवालीने नवी युक्ती काढली. रोज आठच्या ठोक्याला ती धुतलेल्या चादरी समोरच्या दोरीवर टाकायची, नेमक्या त्यांच्या नजरेच्या आड. चादरी अर्ध्या तासात गोठून फळ्यांसारख्या ताठ व्हायच्या. आकडेरावांनी कागदावर चादरीही रंगवल्या आणि चादरींच्या वर जेवढी इमारत दिसत होती तेवढी काढली. म्हणजे वरचे दोन मजले आणि डावीकडचा कोपरा. महिनाभर तोच कोपरा. खाली तारीख घालायची त्यांची सवय कामावरचीच होती.

एका रविवारी त्यांनी सगळे कागद घरी जमिनीवर मांडले. एकतीस झाले होते. त्यातलं एखादं तरी बरं आलंय का, हे त्यांना बघायचं होतं. बायको कात्री हातात घेऊन त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. तिला चित्रांतलं काही कळत नव्हतं, पण शिवण सरळ आहे की नाही हे तिला पन्नास पावलांवरून कळायचं.

"हा कोपरा उसवलाय," ती म्हणाली.

"माझा हात चुकला असेल."

"रोज चुकेल का? इथपर्यंत सरळ आहे. इथून पुढे दरवेळी थोडा थोडा बाहेर येतोय." तिने कात्रीच्या टोकाने पाचव्या-सहाव्या चित्रापासून पुढे रेष ओढल्यासारखं केलं. "तुमचा हात उताराला लागलाय, नाहीतर ती भिंत."

पडद्याची खालची कड ताठ राहावी म्हणून शिशाची गुंडी घालतात. तसली एक गुंडी तिने दोऱ्याला बांधून दिली. सोमवारी सकाळी आकडेरावांनी हात लांब करून दोरा कोपऱ्याच्या रेषेवर धरला. तळमजल्यावर रेष दोऱ्याला चिकटून होती. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी ती दोऱ्याच्या बाहेर गेली होती, चांगली बोटभर. भिंतीला पोट आलं होतं. त्यांनी तीनदा धरून बघितलं. आपला हात चुकलेला नाही याचा त्यांना आधी आनंद झाला, आणि मग तो झाला म्हणून त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

ते इमारतीच्या मालकाकडे गेले. मालकाने चित्रं उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला की स्पिरिटच्या वासात सगळंच तिरकं दिसतं. पुन्हा या भानगडीत पडाल तर बदनामीची नोटीस पाठवीन, असंही वर सांगितलं.

मग ते इस्त्रीवालीच्या दारात गेले. गेल्या अकरा वर्षांत ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. दार उघडल्यावर वाफेचा आणि गरम कापडाचा वास आला. आत खाटेवर तिची म्हातारी आई पांघरूण घेऊन पडली होती. आकडेरावांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की वरची भिंत बाहेर येतेय, कोपऱ्यातल्या खोल्या धोक्याच्या आहेत, आईला घेऊन दुसरीकडे जा.

इस्त्रीवालीने त्यांच्या हातातल्या कागदांकडे बघितलं. "तेव्हाही तुम्ही कागद घेऊनच आला होतात," ती म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर आकडेरावांच्या हातून जे कधी झालं नव्हतं ते झालं. पालिकेच्या नावाचा अर्ज लिहून तयार होता, सोबत तारखेप्रमाणे लावलेली चित्रं होती, आणि तरी तो अर्ज चार दिवस त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात राहिला. तो दिला तर त्या बाईला दुसऱ्यांदा, ऐन थंडीत, त्यांच्याच सहीने गारठ्यात पडावं लागणार होतं. न दिला आणि भिंत आली तर ती आणि तिची आई सगळ्यात आधी तिच्याखाली सापडणार होत्या. तेवढंच असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी अर्ज दिला असता. पण गुडघा अजून दुखत होता. हा अर्ज आपण त्या दोघींच्या जिवासाठी देतोय की त्या बादल्यांसाठी, हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नव्हतं. बायकोला त्यांनी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली की भिंतीला ते काय कळतंय. पाचव्या दिवशी त्यांनी अर्ज दिला.

पालिकेची इंजिनिअर आली, तरुण, नाक लाल झालेली, कामाला चोख. शिडी लावून वर गेली आणि दोन विटांच्या मध्ये पेचकस घातला. तो मुठीपर्यंत आत गेला. खाली उतरून तिने कुणाशी वाद घातला नाही. कोपऱ्यातली सहा बिऱ्हाडं अट्ठेचाळीस तासांत खाली करायची, अशी नोटीस दारावर चिकटवली. राहायची सोय शाळेच्या व्यायामशाळेत केली होती. तिचं छप्पर पत्र्याचं होतं.

त्या हिवाळ्यातला तो सगळ्यात कडक आठवडा. गाद्या, कपाटं, भांडी रस्त्यावर आली. लोखंडी खाटांना हात लावला की कातडी चिकटत होती. लोक सामान वाहत होते आणि वाहता वाहता आकडेरावांचा उद्धार करत होते. पंपाच्या खोलीपाशी ते उभे होते, त्या दिवशी वही न घेता. घरी बसणं त्यांना पळपुटेपणा वाटला. इस्त्रीवालीचं टेबल दारात अडकलं तसे ते पुढे झाले आणि त्यांनी एक बाजू धरली.

"सोडा ते," ती म्हणाली.

त्यांनी सोडलं. तिने टेबल खाली ठेवलं. तिच्या मागे दोघांनी तिच्या आईला खुर्चीसकट उचलून आणलं होतं, म्हातारीच्या डोक्यावरून घोंगडी होती आणि घोंगडीतून खोकला येत होता.

"माझ्या माणसाच्या वेळी तुमचा नियम बरोबर होता," इस्त्रीवाली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आजही तुमचंच बरोबर असणार. जन्मात एकदा तरी चुकायचं होतं तुम्ही. एकदा बघून न बघितल्यासारखं करायचं होतं."

भिंत पडली असती, असं म्हणता आलं असतं. ते आकडेरावांच्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण ती भिंतीबद्दल बोलतच नव्हती. ती टेबल एकटीने ओढत घेऊन गेली, टेबलाचे पाय रस्त्यावरच्या बर्फात दोन चरे पाडत गेले, आणि मागून कुणीतरी आकडेरावांच्या पाठीत राखेने भरलेला डबा मारला. कुणी मारला हे बघायला त्यांनी मान वळवली नाही.

व्यायामशाळेत म्हातारीला ताप भरला. नऊ दिवस ती इस्पितळात होती. ते नऊ दिवस आकडेरावांनी काढले ते शत्रूलाही नकोत. ते इस्पितळाच्या दारापर्यंत जायचे, पहारेकऱ्याला म्हातारी कशी आहे विचारायचे आणि परत फिरायचे. वही घरी कपाटावर पडून होती. बायकोने एकदाच विचारलं की आज जायचं नाही का. त्यांनी मान हलवली, आणि ती पुन्हा मशीनवर बसली. दहाव्या दिवशी म्हातारी घरी, म्हणजे व्यायामशाळेत, परत आली. ती वाचली. वाचली नसती तर पुढे काय झालं असतं याचा विचार आकडेरावांनी कधी पुरता केला नाही.

इकडे गवंड्यांनी कोपरा उतरवायला घेतला. आकडेराव रोज जाऊन लांबून बघत. आत काय निघतंय हे त्यांना बघायचं होतं. वीट सडलेली निघावी, हातात तिचा भुगा व्हावा, लोकांनी डोळ्यांनी बघावं, अशी त्यांची फार इच्छा होती, आणि कुणाचं तरी घर सडकं निघावं अशी इच्छा धरून आपण थंडीत उभे आहोत हेही त्यांना दिसत होतं. आतून एक जुना फुटका नळ निघाला. त्याचं पाणी विटांत मुरून गोठत होतं, वितळत होतं, पुन्हा गोठत होतं. एवढं नक्की होतं. पण पुढे दोन गवंड्यांची दोन मतं झाली. थोरला म्हणाला, थंडी सरून बर्फ सुटला असता की हा कोपरा बसलाच असता. धाकटा म्हणाला, छे, असली पोटं घेऊन भिंती वीस-वीस वर्षं उभ्या राहतात, नळ बदलला असता तरी भागलं असतं. ज्याला जे हवं ते त्याने उचललं. बेकरीवाला थोरल्याचं सांगायचा. इमारत धाकट्याचं. भिंत तर उतरवून झाली होती, आता तिला कोण विचारणार?

वसंतात बिऱ्हाडं परत आली. कोपऱ्याच्या नव्या विटा जुन्यांपेक्षा जास्त लाल होत्या. इस्त्रीवालीही परत आली. कचरा पडायचा थांबला, पण आकडेराव गल्लीतून गेले की बोलणी थांबायची आणि ते पुढे गेले की सुरू व्हायची. दुकानात त्यांच्या मागून आलेल्याला आधी माल मिळायचा.

एकदा ते पालिकेत चित्रं परत मागायला गेले. कारकुनाने सांगितलं की अर्जाला जोडलेलं काही परत मिळत नाही, हवं तर इथे बसून बघा. त्यांनी बसून एकेक चित्र बघितलं. प्रत्येकावर गोल शिक्का होता आणि फाइलची भोकं थेट आकाशात पाडली होती. चोविसाव्या चित्रात विटांवर पडलेलं सकाळचं ऊन त्यांना हवं तसं उतरलं होतं, जसं उतरावं म्हणून ते महिनाभर धडपडत होते अगदी तसं. तेव्हा, भिंत बघायच्या नादात, ते लक्षात आलं नव्हतं. त्यांनी ते कारकुनाला दाखवलं. कारकून म्हणाला, कागदाला हात लावू नका, सरकारी कागद आहे.

पुढच्या थंडीत त्यांनी जागा बदलली. मालधक्क्याच्या मागे, जिथे कुणी राहत नव्हतं तिथे बसून ते मालगाडीच्या रिकाम्या वाघिणी काढायचे. आणखी पाच हिवाळे काढले. मग बोटं आखडायला लागली आणि ब्रश धरवेना.

त्यातल्याच एका हिवाळ्यात बेकरीवाल्याने, चांगल्या मनाने, इस्त्रीवालीला म्हटलं होतं की काही झालं तरी त्या म्हाताऱ्याने तुम्हाला वाचवलं. तिने हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

"वाचवलं असेल," ती म्हणाली. "पण मला त्याच्या हातून वाचायचं नव्हतं."

बेकरीवाल्याने हे आकडेरावांना सांगायला नको होतं, पण त्याच्या पोटात राहिलं नाही. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता त्याने ते सांगून टाकलं. आकडेरावांनी गल्ल्याच्या काचेवर पैसे ठेवले. मग म्हणाले, तिला तसं म्हणायचा हक्क आहे. पाव पिशवीत टाकला, मफलर घट्ट केला आणि ते घरी गेले.